६८ अक्षरांचा खोटा व्हायरस

एक ओळ आहे, फक्त ६८ अक्षरांची. नोटपॅडमध्ये ती जशीच्या तशी टाईप करून सेव्ह करायला गेलं, की बहुतेक अँटिव्हायरस तिच्यावर तुटून पडतात, फाईल उचलून कैदेत टाकतात आणि पडद्यावर लाल पाटी झळकवतात. प्रत्यक्षात ही ओळ कुणाचं काहीही बिघडवत नाही. ‘आयकार’ या युरोपीय संशोधन संस्थेच्या नावाने ती ओळखली जाते. खऱ्या व्हायरसला हात न लावता अँटिव्हायरस जागा आहे का, हे कुणालाही तपासता यावं म्हणून ती तयार झाली. ही ओळ दिसली की व्हायरस सापडल्यासारखंच वागायचं, असं कंपन्यांमध्ये ठरलेलं आहे.

ही ओळ म्हणजे नुसता मजकूर नाही, डॉस या विंडोजच्या आधीच्या यंत्रणेवर चालणारा खराखुरा प्रोग्राम आहे. प्रोग्रामचे हुकूम म्हणजे शेवटी आकडेच, आणि डॉसला ‘हे छाप’ किंवा ‘आता थांब’ असं सांगणारे आकडे कीबोर्डवरच्या साध्या चिन्हांत बसत नाहीत. मग ते ओळीत आणले कसे? ओळीच्या शेवटी एच, अधिक, एच, तारांकन अशी चार चिन्हं आहेत. प्रोग्राम सुरू झाला की स्वतःच्याच शेपटाकडे वळतो आणि तिथल्या पहिल्या जोडीच्या आकड्यातून २,४२७ वजा करतो. ११,०८० चे ८,६५३ होतात, आणि हाच छापण्याचा हुकूम! दुसऱ्या जोडीतूनही तेवढेच वजा केले की थांबण्याचा हुकूम मिळतो. मग पडद्यावर ‘ही आयकारची प्रमाणित चाचणी फाईल आहे’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी उमटते आणि खेळ संपतो. ज्याने कुणी ही मांडणी जुळवली, त्याच्या डोक्याला सलाम. हाताने टाईप करणारे हमखास अडखळतात ते तिसऱ्या अक्षराला: तिथे शून्य नाही, कॅपिटल ओ आहे.

मात्र या चाचणीत पास झालेला अँटिव्हायरस चांगलाच असतो असं नाही. वर्षभर नूतनीकरण न केलेलाही ही ओळ पकडू शकतो, कारण तिची ओळख त्याला फार जुनी आहे. काल जन्मलेला व्हायरस तो पकडेल का, हे घरी बसून ठरवता येत नाही. त्यासाठी जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज अशा प्रयोगशाळा आहेत. एव्ही-टेस्ट १८ पैकी गुण देते: संरक्षणाला ६, कॉम्प्युटरचा वेग किती घटतो याला ६ आणि वापरातल्या सोयीला ६. या शेवटच्या सहांकडे लोक ढुंकूनही पाहत नाहीत, पण खोट्या आरोळ्यांचा हिशेब तिथेच होतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाईल व्हायरस समजून बाजूला केली आणि जगभरातले असंख्य कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. राखणदारानेच घरच्या माणसाला धरावं, तसं झालं.

अँटिव्हायरसची निवड करताना आधी एक बघावं: २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजबरोबर फुकटच येतो. बँकेचं काम, मुलांचा अभ्यास आणि फोटो एवढाच वापर असेल, विंडोजचे अपडेट वेळच्या वेळी होत असतील, तर माझ्या मते तो पुरतो. पैसे मोजायचे ते मुलांवर लक्ष ठेवण्याच्या सोयीसाठी, किंवा अडचणीच्या वेळी फोन उचलणाऱ्या माणसासाठी. आपल्याकडे क्विक हील हा अँटिव्हायरस घराघरांत पोचला त्यामागे पुण्यातलं दुरुस्तीचं दुकान आहे. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळले, धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले आणि २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात गेली.

दोन-दोन अँटिव्हायरस मात्र एकत्र चालवू नयेत. प्रत्येक उघडणारी फाईल दोघेही तपासायला धावतात, एकमेकांना अडवतात आणि मशीन रांगायला लागतं. डिफेंडरला याची जाण आहे. दुसरा अँटिव्हायरस बसवला की तो आपणहून मागे सरतो, आणि दुसरा काढला की परत पुढे येतो.