कीटकनाशकाच्या लेबलावरील रंग काय सांगतो?

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. हा धोका लेबलावरून किती कळतो, ते पाहू.

भारतात कीटकनाशकांची नोंदणी दिल्लीलगतच्या फरिदाबाद येथून होते. कीटकनाशक नियम, 1971 नुसार प्रत्येक लेबलावर कोनावर उभा चौकोन छापावा लागतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा दर्शवतो : लाल म्हणजे अतितीव्र, पिवळा तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. चाचणीतील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा म्हणजे एलडी-50. ती दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. तोंडावाटे ही मात्रा 1 ते 50 असल्यास लाल, 5000 पेक्षा जास्त असल्यास हिरवा रंग. म्हणजे आकडा जितका लहान, तितके विष जहाल.

मात्र हा रंग केवळ तीव्र विषबाधेची क्षमता सांगतो. शरीरात किती विष जाईल, हे फवारणीच्या पद्धतीवर ठरते. डोक्याएवढ्या कपाशीत वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने तासन्‌तास फवारल्यास निळ्या रंगाचे औषधही जिवावर बेतू शकते. म्हणून माहितीपत्रकातील प्रमाण पाळा, हातमोजे व मुखपट्टी वापरा. विषबाधा झाल्यास लेबल डॉक्टरांना दाखवा. उपचाराची माहिती त्यावरच असते.