आधी सुगंध, मग रस्सा!

जपानच्या डोंगरउतारांवर उन्हाळ्यात यामायुरी नावाची लिली फुलते. वीतभर रुंद पांढरं फूल, प्रत्येक पाकळीवर मधोमध सोनेरी पट्टा, भोवती तांबूस ठिपके. घमघमाट असा, की फूल दिसायच्या आधीच पत्ता लागतो. आणि हिचा कंद तिथे पूर्वापार खाल्ला जातो! १८६२ साली लंडनच्या प्रदर्शनात ही लिली झळकली. मग योकोहामा बंदरातून लिलीचे कंद परदेशी बागांकडे निघाले.

लिलीचा कंद कांद्यासारखा सालपटात गुंडाळलेला नसतो. गुबगुबीत पाकळ्या उघड्याच एकमेकींना बिलगून बसतात, त्यामुळे तो लवकर सुकतो. म्हणून तर जपानी बाजारात तो लाकडाच्या भुशात पुरून येतो. तिथलं जवळजवळ सगळं पीक होक्काइदोचं. शिजला की पिठूळ, गोडसर. अंड्याच्या वाफवलेल्या चावानमुशीत तो हमखास सापडतो. चीनच्या लान्चौ शहराजवळची लिली आणखी गोड. ती सेलरीबरोबर नुसती परततात.

पण खाण्यासाठी लिली लावणाऱ्याला मोठा त्याग करावा लागतो. कळी दिसली रे दिसली की खुडायची! फुलावर खर्च होणारी ताकद कंदात उतरते, तो फुगतो. त्यातही वर्षानुवर्षं वाट पाहायची. इतकं सोसून पिकवलेल्या कंदाला भाव मिळतो, तो रास्तच आहे.

रोपं वाढवायची गंमत तर औरच. कंदाची एक पाकळी ओलसर मातीत खोचा, तिच्या बुडाशी इवले कंद धरतात. टायगर लिलीच्या पानांच्या बेचक्यात काळपट मणी येतात. गळून पडले की तेच रुजतात. लागवड मात्र खोल हवी, कारण खोडालाही कंदाच्या वर मुळं फुटतात. पाणी साचलं की कंद कुजलाच.

आता कळकळीची सूचना. आपल्या अंगणात ‘लिली’ म्हणून वाढणारी पावसाळी लिली किंवा स्पायडर लिली ही वेगळी मंडळी; त्यांचे कंद विषारी. कळलावीचा कंद तर जीवघेणाच. नर्सरीतल्या कंदांना बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं, तेव्हा खायचा कंद खाण्यासाठीच विकलेला हवा. घरात मांजर असेल, तर खऱ्या लिलीचं फूलसुद्धा आणू नका. अंगावर सांडलेला पराग चाटला, तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.