अफिअर्ड आणि अफ्रेड : दिसतात जुळे, पण नात्यातले नाहीत

आजचा शब्द आहे ‘अफिअर्ड’. अर्थ सरळ आहे : भ्यालेला. शेक्सपिअरच्या नाटकांत तो बऱ्याचदा भेटतो. लेडी मॅकबेथ नवऱ्याला डिवचते ती याच शब्दाने, आणि ‘टेम्पेस्ट’मधला कॅलिबन बेटावरच्या आवाजांना भिऊ नका म्हणतो तेही याच शब्दात. म्हणजे तेव्हा तो राणीच्या तोंडी शोभत होता. पुढे ‘अफ्रेड’ने त्याची जागा घेतली.

पुष्कळांना वाटतं, अफ्रेड हे अफिअर्डचंच सुधारलेलं रूप. तसं नाही. अफिअर्ड अस्सल जुन्या इंग्रजीतला. त्याच्या मुळाशी ‘फिअर’ आहे आणि त्या शब्दाचा जुना अर्थ भीती नव्हे, तर अचानक ओढवणारं संकट. अफ्रेड आला फ्रेंचमधून. त्याचं मूळ शांतता मोडण्यात आहे. शांततेतून बाहेर ओढला गेलेला तो अफ्रेड. कायद्यातला ‘अफ्रे’, म्हणजे सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंगणं, हा त्याचाच भाऊ.

हा भाग मी आमेरमध्ये करतोय, त्याला कारण आहे. १७२७ साली जयपूर वसलं, तोवर कछवाहांची राजधानी इथे होती. सवाई जयसिंह १७४३ मध्ये गेले आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या भावांत गादीचा तंटा लागला. मराठे त्यात पडले. कबूल केलेली खंडणी थकली, तेव्हा डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकर जयपूरवर चालून आले. पैसा नाही, फौज नाही. ईश्वरीसिंहाने विष घेतलं. नागाचा दंशही करवून घेतला असं सांगतात. संकट येताना दिसत होतं आणि वाट उरली नव्हती. हा अफिअर्ड.

माधोसिंह गादीवर बसला. जानेवारी १७५१ मध्ये मराठे निर्धास्तपणे जयपूर शहरात देवळं बघत, खरेदी करत फिरत होते. अचानक वेशी बंद झाल्या आणि लोक त्यांच्यावर तुटून पडले. हजारो मारले गेले. जीव वाचवायला कित्येकांनी तटावरून उड्या टाकल्या. बाजारातला तो मराठा, मुळातल्या अर्थाने, अफ्रेड. आपल्या इतिहासात पहिली गोष्ट ऐटीत सांगतात, दुसरी आवाज खाली करून.

हा फरक मुळांतला आहे हं. शेक्सपिअर तो काटेकोर पाळत नाही, आजची इंग्रजी तर नाहीच.

मराठीतही अशी जोडी आहे. ‘भिणे’ संस्कृत ‘भी’पासून आलेलं. ‘घाबरणे’त मुळात गोंधळ, तगमग आहे, उकाड्यात जीव घाबरा होतो तेव्हा कोणाची भीती नसते. आज शहरी बोलण्यात मूल ‘भ्यालं’ क्वचितच, ‘घाबरलं’च जास्त.

वापराचं एवढंच : हे दोन्ही इंग्रजी शब्द नामाच्या आधी लावत नाहीत. ‘भ्यालेलं मूल’ म्हणायला ‘अफ्रेड चाइल्ड’ चालत नाही, तिथे ‘फ्रायटन्ड’ घ्यावा. आणि अफिअर्ड आज अर्जात, ईमेलमध्ये लिहू नका. इंग्लंड-अमेरिकेच्या काही बोलींत तो अजून तग धरून आहे; पण इतरत्र वाचणाऱ्याला तो जुन्या नाटकातला, नाहीतर खेडवळ वाटेल. ऐतिहासिक कादंबरीचं भाषांतर करत असाल, तर पात्राच्या तोंडी खुशाल घाला.