जुना ट्रॅक्टर : यंत्र, कागद आणि कुटुंब

२०१५-१६च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील शेतकरी खातेदाराचे सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढ्या शेतीच्या उत्पन्नातून नव्या ट्रॅक्टरचे हप्ते फेडणे बहुतेक कुटुंबांना जड जाते, त्यामुळे अशा घरात येणारा पहिला ट्रॅक्टर पुष्कळदा दुसऱ्याच्या शेतात राबून आलेला असतो. हा व्यवहार केवळ लोखंडाचा नसतो. त्या यंत्राने आधी केलेले काम, त्यावर राहिलेले कर्ज आणि त्याच्या कागदांतील त्रुटी हे सारे किमतीबरोबरच विकत घेतले जाते. म्हणून ट्रॅक्टरचा भूतकाळ तपासण्यात गेलेला वेळ हीच या खरेदीतील खरी बचत होय.

भूतकाळाची पहिली खूण कामाच्या प्रकारात सापडते. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडून ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या क्लच, ब्रेक आणि डिफरन्शियलवर, म्हणजे वळणावर दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दातचक्रांच्या संचावर, मोठा ताण पडलेला असतो. भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरच्या धुऱ्यांच्या सीलमधून पाणी व गाळ आत शिरण्याचा धोका अधिक असतो. इंजिन किती तास चालले हे दाखवणारा तास-मीटर बंद पडलेला किंवा बदललेला असू शकतो, म्हणून त्याचा आकडा पेडलची झीज, स्टिअरिंगमधील ढिलाई आणि मागच्या हुकाच्या भोकाचा आकार यांच्याशी ताडून पाहावा लागतो.

इंजिन पाहायचे ते थंड असताना. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर सकाळी सुरू होताना येणारी अडचण झाकली जाते. इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिला, तर ऑइल जळत असल्याचे समजावे. भार नसतानाही काळा धूर येत असल्यास इंधनपंप, नोझल किंवा एअर फिल्टर तपासावा. लिफ्टवर, म्हणजे अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेवर, जड नांगर उचलून इंजिन बंद करावे. तो झपाट्याने खाली बसू लागला, तर आतील सील किंवा व्हॉल्व्ह गळत असण्याची शक्यता असते. सुटे भाग मिळतात की नाही, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. एचएमटीचा पिंजोर येथील ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. अशा बंद झालेल्या उत्पादनाचा ट्रॅक्टर स्वस्त मिळाला, तरी जवळच्या बाजारपेठेत त्याचे भाग आणि ते बसवणारा मेकॅनिक आहे ना, याची खात्री इसार देण्यापूर्वीच करावी.

यंत्र पसंत पडल्यावर कागदांची पाळी येते. आरसी पुस्तकातील इंजिन क्रमांक आणि चॅसिस क्रमांक ट्रॅक्टरवरील ठशांशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. पुस्तकावर बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या बोजाची नोंद असेल, तर त्या संस्थेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने त्याच राज्यातील व्यवहाराची माहिती १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यावयाची असते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, म्हणून तिचे कागदही वेगळे पाहावे लागतात.

गावोगाव केवळ मुद्रांकावर लिहून ट्रॅक्टर हाती सोपवला जातो आणि नाव बदलण्याचे काम वर्षानुवर्षे राहून जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, वाहन पुढे अनेक हातांत गेले असले तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावरच राहते, असा निर्णय दिला. त्यामुळे नोंदणी बदलण्यात विकणाऱ्याचे हित घेणाऱ्याइतकेच आहे. विमाही आपल्या नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याने विमा कंपनीला १४ दिवसांत कळवणे आवश्यक असते.

ट्रॅक्टर दारात आला की घरची सुवासिनी त्याला ओवाळते, नारळ फुटतो, आणि पुढे दरवर्षी खंडेनवमीला अवजारांबरोबर त्याचीही पूजा होते. या आदराला सुरक्षेच्या नियमांची जोड मिळणे तितकेच आवश्यक आहे. पीटीओ, म्हणजे इंजिनची शक्ती रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्राला पुरवणारा मागचा फिरता दांडा, सर्वसाधारणपणे मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. त्यात पदर, ओढणी किंवा धोतराचा सोगा अडकला तर माणसाला सुटण्याइतका अवधी मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरवर या दांड्याचे आवरण अनेकदा निघालेले असते, म्हणून नव्या रंगाआधी ते आवरण बसवून घ्यावे. चाकावरच्या मडगार्डवर मुलांना बसवून शेतात नेण्याची सवय पहिल्याच दिवशी बंद करावी आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला उतारावर गिअर काढून सोडण्याचा धोका समजावून द्यावा. सौद्यात वाचलेल्या पैशांतला पहिला वाटा आवरण, ब्रेक आणि विम्यावर खर्च करणाऱ्या कुटुंबालाच जुना ट्रॅक्टर खऱ्या अर्थाने परवडतो.