गोंगाटातील रचना

हेवी मेटल संगीत प्रथम ऐकणाऱ्यास केवळ गोंगाट वाटतो. तेच पुन्हा ऐकले म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारा लहानसा स्वरसमूह, ज्याला ‘रिफ’ म्हणतात, ओळखू येतो आणि साऱ्या रचनेचा आधार सापडतो.

या संगीताचा जडपणा काही अंशी एका अपघातातून आला. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात टोनी आयोमी या वादकाच्या, तारा दाबणाऱ्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली निघाली. पुढे बोटांवरील ताण कमी व्हावा म्हणून त्याने तारा सैल केल्या आणि स्वर खाली उतरला. अमेरिकेत पंकमधून निघालेल्या हार्डकोरने मात्र गती वाढवली व गाणी आखूड केली.

मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाने नव्या वाद्यवृंदांना श्रोते दिले. पुढे ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ने मेटल, तर ‘स्क्राइब’ने हार्डकोर वाजवले. धोबी तलावाजवळील खुल्या रंगभवनातील जलसे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे थांबले. रंगमंच गेला, तरी ध्वनिमुद्रणे उरतात. ती पुन्हा ऐकणे हाच त्या काळाकडे परतण्याचा मार्ग होय.