पहिला संगणक घरीं जुळवितांना

मुलाची बारावीची परीक्षा आटोपते आणि खेळांसाठीं चांगला संगणक घेण्याचा विषय घरांत निघतो. सणावारीं मिळालेले पैसे मुलानें सांठविलेले असतात. उरलेली भर घालण्यास वडील तयार असतात. मात्र ठरलेल्या रकमेपलीकडे एक रुपयाही मिळावयाचा नाहीं, असें त्यांनीं बजावलेलें असतें. मग मित्रमंडळींचे सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो, प्रोसेसर सर्वांत वरच्या दर्जाचाच घे. कोणी म्हणतो, कांचेची बाजू असलेलें व आंतून रंगीबेरंगी दिव्यांनीं झळकणारें कॅबिनेट नसेल तर शोभा नाहीं. आईची चिंता निराळीच असते : इतके पैसे खर्चून आणलेले सुटे भाग एकमेकांस जुळलेच नाहींत तर काय करावयाचें? या सर्व बोलण्यांत आईचाच प्रश्न अधिक शहाणपणाचा होय.

सुटे भाग आणून घरीं संगणक जुळवितां येतो, याचें कारण ऐतिहासिक आहे. १९८१ सालीं अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, तेव्हां त्यांतील बरेचसे भाग तिनें बाहेरच्या कारखानदारांकडून घेतले होते व यंत्राची रचनाही प्रसिद्ध केली होती. त्यामुळें त्या रचनेला अनुसरून इतर कंपन्या भाग व संपूर्ण यंत्रें करूं लागल्या. पुढें १९९५ मध्यें इंटेल कंपनीनें एटीएक्स नांवाचें माप ठरविलें. मदरबोर्डाचे स्क्रू कोठें यावयाचे, त्याला वीज कोणत्या जोडणीनें पोंचवावयाची, हें त्यानें निश्चित झालें. आज एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटांत बिनतक्रार बसतो, तो अशा ठरीव मापांमुळें. म्हणून जुळविण्याचें काम फारसें अवघड राहिलेलें नाहीं. एक स्क्रूड्रायव्हर, भरपूर उजेड आणि एक निवांत दुपार एवढ्यांत तें उरकतें. अवघड आहे ती निवड.

खेळ चालूं असतांना संगणकांत दोन कामें जोडीनें चाललेलीं असतात. शत्रू कोठें धांवला, चेंडू कोठें आदळला, भिंत कोसळली कीं नाहीं, याचा हिशेब प्रोसेसर करितो; त्या हिशेबावरून पडद्यावरचें चित्र रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्ड करितें. सेकंदाला ६० चित्रें दाखवावयाचीं झाल्यास एका चित्रासाठीं सेकंदाच्या हजार भागांपैकीं जेमतेम १७ भाग मिळतात. १४४ चित्रें हवीं असतील तर अवघे ७. या दोघांपैकीं जो मंद असेल त्याच्या वेगानें खेळ चालतो. गाडीला एक बैल धष्टपुष्ट व दुसरा दुबळा जुंपला, तर गाडी दुबळ्याच्याच चालीनें जाते आणि धष्टपुष्टाच्या वैरणीचा खर्च मात्र अंगावर पडतो. म्हणून मर्यादित पैशांत सर्वोत्कृष्ट भाग शोधावयाचे नसून, एकमेकांना साजेसे भाग शोधावयाचे असतात.

ही जोडी कोणती असावी, हें प्रथम मॉनिटरवरून ठरतें. नेहमींच्या १९२० बाय १०८० मापाच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. २५६० बाय १४४० मापाच्या पडद्यावर ३६,८६,४००. आणि ज्याला फोर-के म्हणतात त्या ३८४० बाय २१६० मापाच्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. ठिपके जितके अधिक तितकें कार्डाचें काम अधिक. प्रोसेसरचें काम त्यानें फारसें वाढत नाहीं. बेताच्या पैशांत पहिला संगणक करणाऱ्यानें १९२० बाय १०८० या मापावर समाधान मानावें, हेंच हिताचें. दुसरा प्रश्न खेळांच्या जातीचा. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट यांसारख्या चढाओढीच्या खेळांत चित्र साधें पण वेग फार लागतो, म्हणून तेथें प्रोसेसरवर भार पडतो. सायबरपंक २०७७ सारख्या भव्य देखाव्यांच्या खेळांत कार्डाची कसोटी लागते. मुलगा खरोखर कोणते खेळ खेळणार, हें त्यानें खरेदीपूर्वीं कागदावर लिहून काढावें.

त्यानंतर शंभर रुपयांचा हिशेब मांडावा. मॉनिटर, कीबोर्ड व माउस वगळून उरलेल्या रकमेचे शंभर भाग कल्पिले, तर ३५ ते ४० भाग ग्राफिक्स कार्डाला, १५ ते १८ प्रोसेसरला, सुमारें १२ मदरबोर्डाला, तितकेच रॅमला, आणि एसएसडी, पॉवर सप्लाय व कॅबिनेट यांना प्रत्येकीं ६ ते ८, अशी वांटणी प्रारंभासाठीं ठीक असते. हा कांहीं कायदा नव्हे. २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमचे भाव जगभर झपाट्यानें चढले, आणि आधीं आंखलेले कित्येकांचे हिशेब कोलमडले. म्हणून भाव खरेदीच्या आठवड्यांतले घ्यावे, व एका ठिकाणीं खर्च वाढला तर तो कोठून काढावयाचा हें आधींच ठरवून ठेवावें. जोडीचा एक नमुना म्हणून २०२२ सालचा रायझन ५ ५६०० हा सहा कोरचा प्रोसेसर आणि २०२१ सालचें रेडिऑन आरएक्स ६६०० हें ८ जीबी स्मृतीचें कार्ड घेतां येईल. हे भाग आतां नवे राहिलेले नाहींत. परंतु लहान पडद्यासाठीं एकमेकांस शोभणारी जोडी कशी असते, हें त्यांवरून कळतें. याच प्रोसेसरच्या जागीं सोळा कोरचा प्रोसेसर घेतला व ते पैसे कार्डातून कापले, तर बहुतेक खेळ अधिक मंद चालतील. नाकापेक्षां मोती जड म्हणतात तो हाच प्रकार.

आतां आईच्या प्रश्नाचें उत्तर. भाग न जुळण्याचा धोका मुख्यतः तीन ठिकाणीं असतो. पहिलें ठिकाण प्रोसेसरच्या खांचेचें, म्हणजे सॉकेटचें. रायझन ५ ५६०० याला एएम ४ हें सॉकेट लागतें. २०२२ मध्यें आलेल्या एएम ५ सॉकेटाच्या मदरबोर्डावर तो बसत नाहीं. सॉकेट एक असूनही अडचण येऊं शकते : २०१८ मधील मदरबोर्डाला २०२० नंतरच्या प्रोसेसरची ओळख नसते, व त्याचें बायोस नवें केल्याविना यंत्र सुरूच होत नाहीं. दुकानदाराकडून हें आधीं विचारून घ्यावें. दुसरें ठिकाण रॅमचें. डीडीआर ४ व डीडीआर ५ या पट्ट्या दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांची खांच निराळ्या जागीं असते. एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं, व जोर करून बसविल्यास नुकसान होतें. तिसरें ठिकाण लांबीचें. कार्डाची लांबी व प्रोसेसरवरील पंख्याची उंची कॅबिनेटांत मावते कीं नाहीं, हें दोन्हींच्या माहितीपत्रकांतले मिलिमीटर ताडून पाहावें. एवढें केलें म्हणजे आईची बहुतेक चिंता मिटते.

इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नांवाअखेर एफ हें अक्षर असतें, त्यांत चित्र काढण्याची स्वतःची सोय नसते. रायझन ५ ५६०० मध्येंही ती नाहीं. अशा प्रोसेसरबरोबर कार्ड घेतलें नाहीं, तर पडदा काळाच राहतो. उलट, कार्डासाठीं पैसे अपुरे पडत असतील तर रायझन ५ ५६०० जी सारखा, चित्राची सोय अंगींच असलेला प्रोसेसर घेऊन हलके खेळ खेळावे व कार्ड सवडीनें घ्यावें, हा मार्ग प्रामाणिक आहे. मात्र त्याची किंमतही मोजावी लागते : या प्रोसेसरमध्यें त्वरित स्मृति, म्हणजे कॅशे, १६ एमबी असते तर साध्या ५६०० मध्यें ती ३२ एमबी असते, व पुढें कार्ड बसविल्यावर हा फरक खेळांत जाणवतो.

रॅम घेतांना १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजीं ८ जीबीच्या दोन घ्याव्या. दोन पट्ट्या योग्य खांचांत बसविल्या म्हणजे प्रोसेसरला दोन वाटांनीं माहिती मिळते. चार खांचा असल्यास बहुधा प्रोसेसरपासून दुसरी व चौथी या योग्य होत. मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत तें छापलेलें असतें. सांठवणीसाठीं जुन्या फिरत्या तबकडीपेक्षां एसएसडी घ्यावी. साटा जातीची एसएसडी सेकंदाला सुमारें ५५० एमबी वाचते व एनव्हीएमई जातीची साधारण प्रतही ३,००० एमबीच्या पुढें जाते. तथापि खेळ उघडण्याच्या वेळेंत इतका मोठा फरक पडत नाहीं, म्हणून अति वेगवान एसएसडीसाठीं जादा पैसे मोडूं नयेत. त्यापेक्षां आकार मोठा घ्यावा, कारण हल्लीं एकेक खेळ १०० जीबीहून अधिक जागा व्यापतो.

ज्या एका भागांत काटकसर करूं नये, तो भाग पॉवर सप्लाय होय. आणि नेमकी त्यांतच सर्वाधिक काटकसर केली जाते, कारण त्यानें खेळाचा वेग वाढत नाहीं व तो डोळ्यांना दिसतही नाहीं. वर सांगितलेल्या नमुन्यांत कार्डाला १३२ वॅट व प्रोसेसरला ६५ वॅट असें कागदोपत्रीं धरलें, आणि उरलेल्या भागांसाठीं ७० धरले, तर बेरीज ३०० च्या आंतच राहते. तथापि क्षणिक मागणी याहून बरीच वर जाते. म्हणून चांगल्या कंपनीचा ५०० ते ५५० वॅटचा पॉवर सप्लाय घ्यावा. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या आंकड्यावर विसंबूं नये. बाजूच्या तक्त्यांत १२ व्होल्टच्या ओळीवर किती वॅट मिळतात तें वाचावें, कारण कार्ड व प्रोसेसर यांना वीज तेथूनच मिळते. ८० प्लस ही खूण वीज किती वांया जाते एवढेंच सांगते; आंतील संरक्षणाची ग्वाही ती देत नाहीं. हलका पॉवर सप्लाय बिघडतो तेव्हां कधीं कधीं मदरबोर्ड व कार्ड यांनाही घेऊन जातो, आणि मग हजार रुपयांच्या बचतीपायीं वर्षांची सांठवण एका संध्याकाळीं जाते. स्वस्त तें महाग ही म्हण या भागाइतकी दुसऱ्या कशालाही लागू पडत नाहीं. भिंतींतील प्लगाला अर्थिंग आहे कीं नाहीं, हेंही वायरमनकडून पाहून घ्यावें. यूपीएस घ्यावयाचा असल्यास ध्यानांत ठेवावें कीं, ६०० व्हीए असें लिहिलेला यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो.

कॅबिनेटाच्या बाबतींत शोभेपेक्षां वाऱ्याला मान द्यावा. आंतील हवा खोलींतल्या हवेपेक्षां थंड होऊं शकत नाहीं. आणि नागपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर गेला असतां समोरून बंद, कांचेचें कॅबिनेट म्हणजे भट्टीच होते. समोर जाळी, एक पंखा हवा आंत घेणारा व एक बाहेर टाकणारा, इतकें पुरें. दिव्यांना खर्च करावयाचा तो पैसा उरल्यास करावा.

वापरलेलें कार्ड घेण्याचा मोहही अनेकांस होतो. २०२२ च्या सप्टेंबरांत इथीरियम या चलनाची कार्डांवर चालणारी खाणकामाची पद्धति बंद झाली, व अहोरात्र राबलेलीं पुष्कळ कार्डें बाजारांत आलीं. असें कार्ड टाकाऊच असतें असें नव्हे. पण मुदतीची हमी नसतां, स्वतःच्या डोळ्यांदेखत अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याविना तें घेऊं नये. नवे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतले काय किंवा आपल्या गांवांत घेतले काय, पक्की पावती घ्यावी व तिच्यावर भागाचा क्रमांक उतरवून घ्यावा. खर्चाच्या यादींत विंडोजचा परवानाही धरावा. लिनक्स फुकट मिळतें व त्यावर पुष्कळ खेळ चालतात, पण चढाओढीचे कांहीं खेळ चालत नाहींत.

शेवटीं यादी पुरी झाली म्हणजे ती दोन दिवस तशीच ठेवावी, आणि मुलानें प्रत्येक भागापुढें तोच कां घेतला याचें एक वाक्य आईवडिलांना वाचून दाखवावें. ज्या भागाचें कारण सांगतां येत नाहीं, तेथें बहुधा पैसे वांया जात असतात. यंत्र पांच-सहा वर्षांनीं जुनें होईल. पण ठरलेल्या रकमेंत काय ठेवावयाचें व काय सोडावयाचें हें ज्याला या वयांत एकदां स्वतःच्या पैशांनीं ठरवावें लागलें, त्याला पुढें घराचा हिशेब मांडतांना तीच संवय उपयोगी पडेल.