काचबिंदू पिकायची वाट पाहू नका

आमच्या आळीतले तात्या दोन वर्षे म्हणत होते, "मोतीबिंदू आहे, पिकला की काढू." चौकटीतून आत येताना त्यांचा डावा खांदा लागायचा. ताटात डाव्या बाजूला वाढलेली चटणी तशीच राहायची. घरची माणसे म्हणायची, वय झाले. सुगी उरकल्यावर मुलगा त्यांना तालुक्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी सगळी तपासणी केली आणि सांगितले, हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही. उजवा मात्र सांभाळता येईल.

नावे सारखी, म्हणून घोटाळा होतो. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून दुसरे बसवले की माणूस पुन्हा सुईत दोरा ओवतो. (त्यासाठीही हल्ली 'पिकण्याची' वाट पाहावी लागत नाही.) काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच वाळत जाते, आणि वाळलेल्या नसेला पुन्हा पालवी फुटत नाही.

ती वाळते कशाने? डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत पाझरत असते. अश्रू वेगळे, हे वेगळे. काळ्या बुबुळाच्या कडेला आतून बारीक जाळी असते, तिच्यातून ते बाहेर पडते. शेताची मोरी तुंबली आणि पाणी येतच राहिले, तर वाफ्यात काय होते ते तुम्हाला सांगायला नको. डोळ्यातही तसेच पाणी साठून दाब वाढतो. हा दाब साधारण 10 ते 21 असतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून डोळ्याचा दाबही ठीक असेल, असे धरून चालू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काहींचा दाब जास्त असूनही नस शाबूत असते, तर काहींची नस दाब बेताचा असूनही खराब होते. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही. नस पाहावी लागते, आणि आजूबाजूचे किती दिसते तेही तपासावे लागते.

बहुतेकांना काही दुखत नाही. समोरचे स्वच्छ दिसते, नजर कडेकडेने जाते. पण एक प्रकार आडदांड आहे. डोळा एकाएकी लाल होतो, डोळा आणि डोके असह्य ठणकते, ओकाऱ्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. पित्त समजून लिंबू-साखर देत बसू नये. रात्र असली तरी गाडी काढावी. उशीर झाला तर डोळा जातो.

चाळिशी उलटलेल्यांनी, आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे त्यांनी तर नक्कीच, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. उसाचे पाते किंवा काडी लागून डोळ्याला मार बसला असेल, तर तेही त्यांना सांगावे. आणि ती दुकानातून आणलेली थेंबांची बाटली! डोळा लाल झाला, खाज आली, की शेजारणीची बाटली मागून आणायची. अशा काही थेंबांत स्टेरॉइड असते. खाज थांबते, बरे वाटते, म्हणून माणूस महिनोन्महिने घालत राहतो आणि आत दाब चढत जातो. पोरांच्या डोळ्यांचेही असे नुकसान होते.

उपचार म्हणजे बहुधा रोजचे थेंब, तेही जन्मभर. कधी लेसर, कधी शस्त्रक्रिया. थेंबांनी जास्त दिसू लागत नाही. आहे तेवढे राखले जाते. इथेच लोक फसतात. "काही फरक नाही" म्हणून बाटली संपल्यावर दुसरी आणत नाहीत. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, काही थेंब दमेकऱ्यांना चालत नाहीत. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही.

तात्यांची बाटली आता देवळीत असते. दिवेलागणीला नात आठवणीने थेंब घालते. त्यांच्या धाकट्या बहिणीला भाऊबीजेला आली तेव्हा मुद्दाम तपासायला नेले. दाब 28 निघाला, नस मात्र अजून चांगली आहे. तिलाही थेंब सुरू झाले. ती म्हणते, "मला तर सगळं दिसतंय की!"